गुंगीतली सही

मी एकतीस वर्षं पोस्टात खिडकीमागे बसले. पोलादपूर तालुक्यातलं एक लहानसं पोस्ट. गावाचं नाव कशाला, माणसं अजून ओळखतात. त्या खिडकीने मला एक सवय लावली. समोरच्याने सही केल्याशिवाय पत्र पोचलं असं मानायचं नाही. "दिलं ना तुम्हाला मघाशी" या वाक्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही, मग बोलणारा सरपंच असो की माझा सख्खा भाऊ. माझी सून प्रज्ञा म्हणते, "आई, तुम्ही दूधवाल्याकडेही ओळखपत्र मागाल." एकदा मागितलंय. नवीन होता.

हे आधीच सांगते, कारण पुढे जो घोळ झाला तो डॉक्टरांनी घातला नाही आणि औषधानेही एकट्याने घातला नाही. त्यात माझा हात मोठा आहे. ज्यांना पोटात दुर्बीण घालून घ्यायची आहे, आणि स्वभावाने जे माझ्यासारखे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले.

किल्ली

भातकापणीचे दिवस होते. मला शौचाला काळं व्हायला लागलं. पहिले आठ दिवस मी नाचणीच्या भाकरीला दोष दिला. मग एकदा एसटी स्टँडवर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी शेजारच्या बाईच्या पिशवीवर जाऊन बसले. पिशवीत अंडी होती. घरी कळलं ते त्या अंड्यांमुळे.

मुलगा अविनाश मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "रक्त बरंच कमी झालंय. आतून कुठेतरी झिरपतंय. महाडला जाऊन दुर्बीण करून घ्या." बोलणं माझ्याबद्दल होतं, पण ते बघत होते अविनाशकडे. बाहेर आल्यावर अविनाश म्हणाला, "आई, तू गाडीपाशी थांब. माझी किल्ली आत राहिली." किल्ली त्याच्या खिशात वाजत होती. तो आत गेला आणि सहा मिनिटांनी आला. मी घड्याळात बघितलं होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. कारण हा डाव मी स्वतः खेळलेला आहे.

माझे यजमान प्राथमिक शाळेत मास्तर होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात कॅन्सर निघाला, तेव्हा "पर्स राहिली" म्हणून मी अशीच डॉक्टरांच्या खोलीत परत गेले होते. ह्यांना आम्ही सांगितलं, अल्सर आहे. शेवटपर्यंत तेच सांगितलं. त्यांचा जीव भित्रा, ते ऐकूनच खचतील असं मला वाटलं. अविनाश तेव्हा पुण्यात कॉलेजला होता. त्याला मात्र मी सांगितलं, "बाबांना सगळं माहीत आहे, पण त्यांना तो विषय नको असतो. तू काढू नकोस." दोन्हीकडून दार लावून घेतलं आणि मध्ये मी बसले.

त्यामुळे लपवणारी माणसं कशी वागतात ते मला कोणी शिकवायला नको. आवाज गोड होतो. फाईल दुसऱ्याच्या हातात जाते. तुम्ही खोलीत आलात की गप्पा पावसावर येतात. मला मरणाची भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती ही होती की मी जे ह्यांना केलं तेच आता माझ्या वाट्याला येणार.

गुंगीचं औषध

महाडच्या हॉस्पिटलात दुर्बिणीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पनवेलहून येतात. तारीख घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली, "घाबरू नका मावशी, गुंगीचं औषध देतात, काही कळत नाही."

काही कळत नाही! हेच तर नको होतं मला. आणि गुंगीचं औषध हे शब्द मी आयुष्यभर पेपरात वाचत आले, ते एकाच बातमीत: प्रवाशाला चहातून गुंगीचं औषध देऊन लुटलं. मी विचारलं, "न देता होत नाही का?" ती म्हणाली, "होतं. पण ओकारी येते, माणूस नळी ओढतो. मुलाने गुंगीसहच सांगितलंय." म्हणजे हेही ठरवून झालं होतं.

घरी आले आणि कपाटातून एक कोरा कागद काढला. पट्टीने रेघा मारल्या आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं:

पोच. माझ्या तपासणीत जे निघालं ते डॉक्टरांनी दुसऱ्या कोणालाही सांगण्याआधी मला स्वतःला सांगितलं.
काय निघालं :
सही :
शेरा :

शेऱ्याची ओळ का घातली असं कोणी विचारेल. सरकारी कागदाला शेऱ्याचा रकाना असतो, म्हणून घातली.

गुरुवार

त्या सकाळी माझी नणंद शेवंता कापड्याहून पहिल्या गाडीने आली. शेतात भात पडलेला असताना आली, याचाही मला संशय आला. सोबत डब्यात गरम पेज.

"घे गो वयनी, दोन घोट घे. पेज म्हंजे काय खाणं हाय? पानीच तं हाय."

"उपाशी राहायला सांगितलंय, शेवंता."

"मंग उपाशीच हायेस ना! पेजेनी कदी कोनाचा उपास मोडला नाय." तिच्या घरी पेज ही जेवणात धरतच नाहीत. ती उठल्यावर आपोआप होणारी गोष्ट आहे. मी घेतली नाही. तत्त्व म्हणून नाही. डब्यात आणखी काय असेल कोण जाणे, असं त्या दिवशी मला चक्क नणंदेबद्दल वाटलं.

हॉस्पिटलात दहाला पोचलो. डॉक्टर अडकले होते. दर अर्ध्या तासाने काउंटरवरून निरोप यायचा: माणगाव सोडलं, दासगावला आलेत, येतीलच. नर्सने मला हिरवा गाऊन दिला आणि म्हणाली, "बांगड्या, कानातलं काढा. कवळी असेल तर तीही." मी अविनाशकडे बघितलं. आधी गुंगी, मग दागिने. पेपरातल्या बातमीत अगदी याच क्रमाने येतं. त्याला हसू आलं. मला आलं नाही. बांगड्या मी रुमालात बांधून प्रज्ञाकडे दिल्या आणि तिला त्या मोजायला लावल्या. पोरीने मुकाट्याने मोजल्या.

गुंगी देणाऱ्या डॉक्टर वेगळ्या होत्या. तिशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले. तिने विचारलं, "काकू, सकाळपासून काय खाल्लं, काय प्यायलात?" मी म्हटलं काही नाही. रक्तदाब बघून झाल्यावर पुन्हा तेच. हाताला सुई लावताना तिसऱ्यांदा: "पाणी? चहा? पेज?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "इथे सगळे नाही म्हणतात आणि निम्म्यांनी पेज घेतलेली असते. पोटात काही असलं आणि गुंगीत उलटलं, तर ते फुप्फुसात जातं. माणूस दगावू शकतो. म्हणून मी तीनदा विचारते."

मला ती एकदम आवडली. मीसुद्धा रजिस्टर पत्र देताना नाव तीनदा विचारायची. मग मी गाऊनच्या आतून माझा कागद काढला आणि तिच्या हातात ठेवला.

तिने शांतपणे वाचला. "काकू, सांगू की. आधी तुम्हालाच सांगू. पण हे उद्या केलं तर चालेल?"

"उद्या? उद्यापर्यंत तुम्ही सगळे मिळून काय सांगायचं ते ठरवाल. मी जागी झाले की लगेच. आधी मी, मग मुलगा."

"बरं, तुमच्या मनासारखं करू. पण आधी नीट ऐका, या औषधाने काय होतं की..."

तेवढ्यात दाराशी धावपळ झाली, पनवेलचे डॉक्टर आले, आणि तिला आत बोलावलं. तिचं वाक्य राहिलं ते राहिलंच. ते पुरं ऐकून घ्यायला हवं होतं, पण माझं लक्ष ती कागद कुठे ठेवते याच्याकडे होतं. फाईलमध्ये ठेवला. मी खात्री केली.

आतलं एवढंच आठवतं. घशात कडू फवारा मारला आणि घसा दुसऱ्या कोणाचा तरी झाला. डाव्या कुशीवर वळवलं. दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं, बोटाला चिमटा, नाकाशी वारा. कोणीतरी म्हणालं, "काकू, तुमच्या शाळेचं नाव सांगा." मी शाळेत नव्हते, पोस्टात होते, हे सांगायला तोंड उघडलं.

पुढचं आठवतं ते थेट घर. मी ओटीवर बसलेय, हातात निवलेल्या चहाचा कप, भिंतीवर उतरतं ऊन. मध्ये साडेचार तास गेले होते. मी महाडहून पोलादपूरपर्यंत गाडीतून आले, चालत पायऱ्या चढले, शेवंताशी भांडले म्हणे. माझ्याकडे त्यातलं काही नाही.

अल्सर

"आई, अल्सर आहे," प्रज्ञा संध्याकाळी म्हणाली. "तुकडा तपासायला पाठवलाय. आठवड्यात येईल."

अल्सर! ह्यांना सांगायला मी जो शब्द निवडला होता, नेमका तोच माझ्या पुढ्यात आला. मी फक्त "बरं" म्हटलं. हेही असंच "बरं" म्हणायचे.

त्यानंतरचे पाच दिवस मी डोळ्यांत तेल घालून काढले. अविनाश माझ्या नजरेला नजर देत नव्हता. एमआयडीसीतून आला की आंघोळीला जायचा, जेवताना मान खाली. पूर्वी माझ्या संशयावरून मला दिवसाला चार टोमणे मारणारा मुलगा, आता "औषध घेतलंस?" एवढंच. एकदा तो आणि प्रज्ञा स्वयंपाकघरात हळू बोलत होते. मी गेले तर प्रज्ञा म्हणाली, "यंदा थंडी लवकर पडणार वाटतं." शेवंता निघताना माझ्या गालांवरून हात फिरवून म्हणाली, "जीवाला लावून घेव नको गो वयनी. झालं ता झालं." झालं ते झालं! हे काय आजारी माणसाला म्हणतात?

सरळ विचारावं की, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला विचारता येत नव्हतं. विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि एकदा बोललेलं खोटं त्याला शेवटपर्यंत सांभाळावं लागतं. मी सांभाळलेलं आहे. अविनाशवर ती वेळ आणायची नव्हती. त्या पाच दिवसांत मला मुलाचा राग आला तेवढीच त्याची दयाही आली.

मंगळवारी घरी कोणी नसताना मी फाईल काढली. रिपोर्ट होता, बिलं होती, औषधांची चिठ्ठी होती. माझी पोच नव्हती. एकेक पान सुटं केलं, झटकलं. नाही. प्रज्ञा शाळेत शिकवून घरी आल्यावर विचारलं, "यात माझा एक कागद होता." तिचा चेहरा उतरला. "मला नाही माहीत, आई," असं म्हणून ती आत गेली.

पोच नाही म्हणजे बटवडा झालाच नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंच नाही आणि कागद नाहीसा केला, असा हिशेब मी मांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे कामावर गेल्यावर, मी मिनीडोर रिक्षात बसून एकटीच महाडला गेले.

राहिलेलं वाक्य

भुलीच्या डॉक्टर चहा पीत होत्या. मी बसले नाही. "मला आधी सांगायचं कबूल केलं होतंत," मी म्हटलं. "माझा कागद दाबलात."

तिने कप खाली ठेवला. "काकू, मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही उठून बसला होतात. अल्सर आहे, साध्या डोळ्यांना तरी वाईट दिसत नाही, तुकडा पाठवलाय. तुम्ही स्वतः लिहून घेतलंत. मला स्पेलिंग विचारलंत. सही केलीत."

"मी?"

"तेच मी त्या दिवशी सांगत होते. या औषधाने माणूस बोलतो, चालतो, उत्तरं देतो, पण त्याला नंतर काही आठवत नाही. मनावर उमटतच नाही." मग तिने टेबलावरचा एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. घरी जाताना सगळ्यांना देतात तो. वाहन चालवू नये, एकटे राहू नये. तिसरी ओळ: चोवीस तास कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

एकतीस वर्षं सह्या घेतलेल्या बाईने जन्मातली एकच सही अशी केली की जी तिलाच माहीत नाही. मी बसले.

"आणि तुमचा तुकड्याचा रिपोर्ट आज सकाळीच आलाय," ती म्हणाली. "डॉक्टरांना मघाशीच फोनवर वाचून दाखवला. ऐकायचाय?" रिपोर्टचं पाकीट तिने माझ्यासमोर धरलं, आतला कागद काढला, बोट ठेवून वाचलं. कॅन्सर नाही. पोटात एक जंतू असतो, त्याने झालेली जखम. चौदा दिवस गोळ्या. "कॅन्सर नाही, काकू," ती पुन्हा म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या मागे बघायला दुसरं कोणी नव्हतंच.

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, तिथे, तिच्या चहाच्या कपापुढे. जगायचं आहे हे इतकं मनापासून मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

निघताना विचारलं, "मग तो कागद गेला कुठे?"

"तुमच्या मुलाने घेतला. शेऱ्यात तुम्ही बराच वेळ काहीतरी लिहीत होतात. मी वाचलं नाही. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ते तुमचं घरचं असेल."

गुंगी घेणाऱ्यांना

इथे माझा सल्ला देऊन टाकते, नंतर जमायचं नाही. उपाशी म्हणजे उपाशी. पेजही नको, घोटभर चहाही नको. गुंगीला भिऊ नका, मला काडीचाही त्रास झाला नाही. सोबत जो माणूस न्याल त्याला डॉक्टरांचं सगळं ऐकू द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पुन्हा ऐकून घ्या. त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. त्याला इलाज नाही.

अविनाश पहिल्या दिवशी किल्लीच्या निमित्ताने आत का गेला होता, तेही पुढे कळलं. आईच्या हृदयाला गुंगी झेपेल का, एवढंच विचारायला गेला होता. माझ्यासमोर विचारलं असतं तर मी तपासणीलाच आले नसते, असं तो म्हणाला. खरं आहे.

शेरा

तो चारला घरी आला. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, डोळे मिटले आणि माझा खांदा घट्ट धरला. मग बाजूला झाला.

"माझी पोच दे," मी म्हटलं.

त्याने पाकिटातून ती काढली. सहा दिवस जवळ बाळगली होती; प्रज्ञाने आणि शेवंतानेही वाचली होती. अक्षर माझंच, पण रेघ सोडून खाली घसरलेलं. काय निघालं: अल्सर, तुकडा पाठवला. सही माझी, पल्लेदार. आणि शेऱ्यात लिहिलं होतं:

ह्यांचं रजिस्टर मी सही करून घेतलं. ह्यांना दिलं नाही. ते रोज विचारायचे.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. ह्यांचा रिपोर्ट मुंबईला माझ्या थोरल्या दिरांनी हॉस्पिटलातून घेतला आणि रजिस्टरने पाठवला, ह्यांच्या नावावर. सकाळी टपालपिशवी उघडली तेव्हा तो माझ्याच हातात आला. ह्यांच्या वतीने मी सही केली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. त्यानंतर रोज दुपारी मी जेवायला घरी गेले की हे विचारायचे, "काय गं, दादाचं काही आलं का?" मी म्हणायचे, "नाही अजून." काही दिवसांनी त्यांनी विचारायचं सोडलं. आयुष्यात मी एकच पत्र दाबलं, ते घरातलं.

"म्हणजे बाबांना माहीत नव्हतं," अविनाश म्हणाला.

"नव्हतं."

"चार महिने मी दर शनिवारी येऊन त्यांच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या, आई. मला वाटायचं, त्यांनाच बोलायचं नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यांना काही सांगायचं असेल. मला काही विचारायचं होतं."

मी आत गेले. ट्रंकेच्या तळातून, इस्त्रीच्या साड्यांखालून, ते पाकीट काढलं. वर दिरांचं अक्षर, ह्यांचं पूर्ण नाव, माझ्याच पोस्टाचा शिक्का. आणून अविनाशपुढे ठेवलं, आणि हाताला सवय, म्हणून पेनही पुढे केलं.

त्याने पेन बाजूला सारलं.

"सही नको, आई," तो म्हणाला. "तू बस. मला सांग."

मी त्याच्यासमोर बसले, आणि टपालपिशवी उघडली त्या सकाळपासून सांगायला लागले.